माय तोंड बांधत नसे

मी नेमकं काय काम करते, हे मायला कुणाला धड सांगता यायचं नाही. गल्लीतल्या बायकांनी विचारलं की ती म्हणायची, "डाक्टर लोकांच्या कालेजात हाय माझी लेक. काप काढती." एखादी विचारायची, "कशाचे गं, आलूचे?" माय गंभीर तोंड करून म्हणायची, "न्हाई. माणसाचे." त्यावर पुढचं कुणी काही विचारत नसे.

मी चिडायचे. बावीस-तेवीस वर्षांची होते, बी.एस्सी. झाले होते. हळ्ळीखेडपासून गुलबर्ग्यापर्यंत आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत एवढी शिकलेली पोरगी दुसरी नव्हती, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. राज्याचं नाव तेव्हा म्हैसूरच होतं. वडील वारल्यावर माय मला घेऊन गुलबर्ग्याला आली, डाळमिलमध्ये लागली आणि मिलच्या मागच्या वस्तीत आम्ही दोघी राहायला लागलो. मी शिकले ते तिच्या पाखडण्यावर.

खरं तर मायचं सांगणं चूक नव्हतंच. वैद्यकीय कॉलेजात शिकणाऱ्या पोरांना शरीराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला लागतात, ते तयार करून देणं हे माझं काम. तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा, वडी यंत्रात घट्ट आवळायची आणि दांडा फिरवायचा. पात्याखालून मेणाची फीत निघते, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. ती कोमट पाण्यावर सोडायची, काचेवर अलगद उचलायची, मग रंगवायची. जांभळा आणि गुलाबी, दोनच रंग. त्या दोन रंगांत माणसाच्या आतलं सगळं दिसतं.

मला सगळ्यात आवडायचा तो श्वासनलिकेचा काप. नळी म्हटलं की आपल्याला वाटतं, आतून गुळगुळीत असेल, सायकलच्या ट्यूबसारखी. तसं नसतं. तिला आतून अस्तर असतं, उंच उंच पेशी खेटून उभ्या असलेलं. त्यांतल्या बहुतेकींच्या डोक्यावर बारीक केसांची झालर असते, आणि मधूनच एखादी फुगलेली पेशी असते, चिकट पाण्यानं भरलेली. ती पेशी आपलं चिकट पाणी अस्तरावर पसरते. श्वासाबरोबर आत आलेली धूळ त्यात अडकते. आणि ते केस सगळे मिळून, एकाच दिशेनं, वरती घशाकडे, तो चिकट थर ढकलत राहतात. घशाशी आला की आपण तो नकळत गिळून टाकतो. दिवसभर, झोपेतसुद्धा. आमचे सर हुबळीकडचे होते. एकदा सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर काढून म्हणाले, "ह्या कॉलेजात न सांगता काम करणारे एवढेच." मला ते लागलं, पण बोलणं खरं होतं.

माय डाळमिलमध्ये चाळणीवर होती. तूर पोत्यांतून यायची, ती आधी चाळायची, पाखडायची, मग तिला तेल लावून गच्चीवर वाळवायची, मग भरडायची. भरडलेल्या डाळीतून टरफल आणि चुरा वेगळा काढायचं कामही बायकांचंच. शेड पत्र्याचं, खिडक्या दोन. आत धूळ इतकी की उन्हाची तिरीप पडली की ती काठीसारखी हातात धरता येईल असं वाटायचं. संध्याकाळी बायका बाहेर यायच्या तेव्हा सगळ्यांच्या भुवया पिवळट झालेल्या असत. दारात मुकादम प्रत्येकीला गुळाचा खडा द्यायचा. गूळ खाल्ला की घशातली धूळ खाली उतरते, असं सगळ्यांचं ठाम मत. मी एकदा मायला वहीत चित्र काढून दाखवलं: ही अन्नाची नळी, ही श्वासाची. गूळ इकडं जातो, धूळ तिकडं. तिनं चित्र नीट बघितलं आणि म्हणाली, "म्हंजी गूळ खाऊ नको म्हणायलीस का?"

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मायला अक्षर येत नव्हतं, पण आवाज असा होता की मिलच्या घरघरीवरून ऐकू यायचा. छप्पन्ननंतर आमच्या भागात गावोगाव दीक्षा झाली, तेव्हा तिनं त्रिसरण-पंचशील आणि पुढची सगळी वंदना नुसती ऐकून पाठ केली. पालीतला एकेक शब्द ती असा स्वच्छ उच्चारायची की शिकलेले लोक वही खाली ठेवायचे. वस्तीत लग्न असो, बारसं असो, कुणी गेलेलं असो, पुढं उभं राहून वंदना म्हणायला मायच लागायची. मागून सगळे म्हणायचे. त्या वेळी ती माझी आई वाटायची नाही, कुणीतरी मोठी बाई वाटायची. मला तिचा फार अभिमान वाटायचा, आणि ते मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

तर अशा बाईला खोकला लागला.

आधी सकाळी, चूल पेटवताना. मग मिलमधून आल्यावर. मग एका लग्नात, वंदना म्हणताना, ऐन मधे. तिनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं, खोकली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली. घरी येताना ती रस्त्यानं माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

मी तिला कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. क्षय नव्हता. डॉक्टर म्हणाले, नळ्यांना आतून सूज आहे, धुळीनं. धूळ थांबवा, नाहीतर हळूहळू दम संपत जाईल. मला जास्त सांगायची गरज नव्हती. धुळीत, धुरात वर्षं काढलेल्या माणसांच्या नळीचे काप मी स्वतः केले होते. त्यांत ती झालर जागोजाग झडलेली असते. उंच पेशींच्या जागी चपट्या, निबर पेशी येतात, हाताला घट्टा पडतो तशा. चिकट पाणी करणाऱ्या पेशी मात्र वाढत जातात. म्हणजे चिखल जास्त आणि झाडणारं कुणी नाही. मग तो चिखल वर आणायला शरीराकडे एकच उपाय उरतो, खोकला. रात्रंदिवस मायचा खोकला ऐकताना मला ती काच डोळ्यांसमोर दिसायची. शिकल्याचा हा तोटा मला कुणी आधी सांगितला नव्हता.

बाकीच्या बायका कामावर पदराचं टोक नाकावरून घेऊन कानामागं खोचायच्या. धड नाही, पण काहीतरी. माय तोंड बांधत नसे.

"कामून बांधत न्हाईस?" मी विचारलं.

"न्हाई बांधत."

"अगं पण कामून?"

"तुला काय करायचंय? तू तुझे काप काढ."

मी रागावले, समजावलं, अबोला धरला. ओल्या फडक्यानं निम्मी धूळ अडते, हे दहादा सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि सकाळी उघड्या तोंडानं जायची. मला वाटलं, हट्ट आहे. अडाणी माणसाचा हट्ट. हा शब्द मी मनात वापरला होता, तो लिहिताना आजही हात अडखळतो, पण वापरला होता.

मग मी तिला न विचारता मिलच्या मालकाकडे गेले.

मालकांना सगळे अप्पा म्हणायचे. भालकीकडचं लिंगायत घर, घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, हमालांशी उर्दू. माणूस वाईट नव्हता. मी खुर्चीवर बसून त्यांना अस्तर, केसांची झालर, धूळ सगळं समजावलं. ते कान देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बरं झालं सांगितलात. उद्यापासून तोंड बांधल्याबिगर कुणीच आत जायचं न्हाई. फडकी मी देतो." मी घरी आले ती अगदी पंख फुटल्यासारखी. एका मायचंच नाही, तीस बायकांचं भलं केलं होतं मी. मायला मात्र काही बोलले नाही. उद्या आपोआप होईलच की.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आले तर माय घरातच होती. चूल पेटलेली नव्हती. शेजारणीनं मला दारातच गाठून सांगितलं होतं. सकाळी मुकादम फडक्यांचा गठ्ठा घेऊन मिलच्या दारात उभा होता. मायनं नको म्हटलं. मागं रांग खोळंबली, भोंगा झाला, तेव्हा त्यानं घाईघाईत स्वतःच फडकं उलगडून तिच्या तोंडाला लावलं. मायनं त्याचा हात झटकला आणि सरळ घरी चालत आली.

"अप्पाला तू सांगितलीस?" तिनं विचारलं.

"व्हय."

मग ती जे बोलली ते मी तोवर कधीच ऐकलं नव्हतं.

"मी आठ वरसाची आसंन. माझी माय मला घिऊन खळ्यावर गेल्ती, वाटा मागायला. तवा मालकापुढं उभं ऱ्हायचं तर आपल्या बायांनी पदर तोंडावर धरायचा, आसं हुतं. आपला स्वास त्येंच्यावर पडू न्हाई, राशीवर पडू न्हाई म्हून. मी लेकरू. ती जोंधळ्याची रास बघून मी मोठ्यानं म्हनले, केवढी रास गं माय! आन् माझ्या मायनं मला धरलं आन् तिचा पदर माझ्या तोंडात कोंबला. दात हाललं माझं. जीव घाबरा झाला, डोळ्याम्होरं अंधारी आली, तरी सोडीना."

"मालक काय म्हणाला?"

"काय बी न्हाई. त्याला बोलायची गरजच न्हवती. माय भ्याली हुती ना."

दीक्षेच्या दिवशी, माय सांगत होती, ती पहिल्यांदा एवढ्या लोकांत मोठ्यानं बोलली. उघड्या तोंडानं. तो आवाज आपला आहे हे तिला आधी कळलंच नाही. त्या दिवशी तिनं ठरवलं की आता ह्या तोंडावर कापड येणार नाही, मेल्यावर घालतील तेवढंच. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं कशाला? तिच्यापुरतं होतं ते.

"आन् आज," ती म्हणाली, "दारात समद्यांम्होरं. पोटच्या पोरीनं सांगून."

मला रडू आलं. मी तिचे पाय धरायला गेले तर तिनं पाय मागं घेतले. रागानं नाही; तिला ते आवडत नसे, कुणी कुणाच्या पाया पडलेलं. म्हणाली, "चूल पेटीव. भूक लागली आसंल तुला."

माय पुन्हा मिलला गेली नाही. अप्पांनी दोनदा निरोप धाडला, तिनं उत्तर दिलं नाही. माझ्या पगारात आमचं दोघींचं भागत होतं. आणि व्हायचं तेच झालं: पंधरा दिवसांत तिचा खोकला कमी झाला. मी इतकी मूर्ख की ते तिला बोलून दाखवलं. "बघ, धूळ बंद झाली की किती फरक पडला."

"व्हय," ती म्हणाली. "मेल्यावर तर खोकला मुळीच यायचा न्हाई."

त्या दिवसांत गल्लीत एक लग्न निघालं. वंदनेला बोलवायला मुलाचा बाप स्वतः आला. माय म्हणाली, आवाज न्हाई. आवाज होता. मला शिव्या घालायला चांगला पुरत होता. पण मिलच्या दारात तिच्या तोंडाला फडकं लावलेलं सगळ्या बायकांनी बघितलं होतं, आणि त्याच बायकांपुढं उभं राहायचं होतं. दुसऱ्या वस्तीतल्या कुणीतरी पुस्तकात बघून वंदना म्हटली. माय मागच्या ओळीत बसून ओठसुद्धा हलवत नव्हती. मी एकदाच तिच्याकडे बघितलं, मग बघवलं नाही. मी तिचा श्वास वाचवायला निघाले होते आणि तो ज्यासाठी होता तेच काढून घेतलं होतं.

काय करावं सुचेना. क्षमा मागून झाली होती. शेवटी मला येतं ते एकच, तेच करायचं ठरवलं. सरांना विचारलं, माझ्या आईला एकदा आणू का? ते म्हणाले, शनिवारी दुपारी आण, पोरांचं प्रात्यक्षिक संपल्यावर.

मायनं यायला आढेवेढे घेतले नाहीत, हेच मला नवल वाटलं. स्वच्छ पांढरं लुगडं नेसून आली. प्रयोगशाळेच्या टेबलावर बेडूक होता. पोरांच्या प्रयोगासाठी मारलेला, जबडा खाली ओढून टाचण्यांनी लावलेला, आणि वरचा टाळू ओला, चकचकीत.

"मारलाय?" मायनं विचारलं.

"व्हय. पोरांना शिकायला. तुझ्यासाठी न्हाई मारला."

पंचशीलातलं पहिलं, जीव न मारण्याचं शील लोकांकडून म्हणवून घेणारी बाई ती. तिनं चपला काढल्या, बेडकापुढं हात जोडून क्षणभर डोळे मिटले. सर दारात उभे होते, त्यांनीही मान खाली घातली. मग माय स्टुलावर बसली आणि म्हणाली, "दाखीव."

मी आमच्या खिडकीच्या फळीवरची धूळ पुडीत बांधून नेली होती. मिलचीच ती, रोज बसायची. चिमटीनं थोडी बेडकाच्या टाळूवर टाकली. माय वाकून बघायला लागली. पहिल्यांदा काहीच नाही. मग ते पिवळे कण हलले. वारा नव्हता, कुणी फुंकर घातली नव्हती. कण एका मागं एक, मुंगीच्या चालीनं, घशाच्या दिशेनं निघाले आणि आत उतरून गेले.

माय दचकून मागं सरली. "ह्यो जित्ता हाय!"

"न्हाई गं. तो मेलाय. त्याचं अस्तर अजून काम करायलंय."

"मेलाय तरी झाडायलंय?"

"व्हय."

"कुणी सांगितलं त्येला?"

"कुणीच न्हाई."

तिनं माझ्या हातातली पुडी घेतली. पुन्हा चिमूटभर टाकली, पुन्हा ती धूळ चालत गेली. तिसऱ्यांदा तिनं काय केलं, तर सगळी पुडीच उलटी केली. टाळू पिवळा झाला. कडेचे काही कण हलले, थांबले. मधला ढीग जागचा हलेना. आम्ही दोघी बघत राहिलो. माझ्या मनात आलं, बोलावं, समजावून सांगावं. कधी नव्हे ते तोंड बंद ठेवलं. मायनं शेजारच्या वाटीतलं मिठाचं पाणी बोटानं उचलून त्या ढिगावर थेंब थेंब सोडलं, जनावराच्या तोंडात पाणी घालतात तसं. थोडी धूळ वाहून गेली. बरीचशी तशीच राहिली.

मग मी तिला काचा दाखवल्या. एक चांगल्या नळीची, एक झिजलेल्या. सूक्ष्मदर्शकातून बघायला तिला जमेना, एक डोळा मिटला की दुसराही मिटायचा. सरांनी तिच्या डोळ्यावर आपल्या रुमालाची घडी धरली, तेव्हा जमलं. दोन्ही काचा तिनं फार वेळ बघितल्या.

"ह्या वरच्या," ती म्हणाली, "आमच्यावानीच पाखडणाऱ्या बाया हायत की आत."

"व्हय."

"माझ्यातल्या गेल्या का समद्या?"

मी खरं ते सांगितलं. सगळ्या नाहीत गेल्या. धूळ थांबली तर बऱ्याच जागी परत येतात. फार निबर झालं असेल तिथं येत नाहीत. किती राहिल्या ते बाहेरून कळायला मार्ग नाही.

"म्हंजी त्या न सांगता राबायल्यात, आन् मी त्येंच्या डोसक्यावर पोती उलथायले," माय म्हणाली. मग सरांकडे वळून म्हणाली, "लई चांगलं दाखीवलंत, सर."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच अप्पांच्या घरी गेली. काय झालं ते मला पुढं अप्पांनीच सांगितलं, तेही बऱ्याच वर्षांनी. ती ओट्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, मी कामावर येते. आत चाळणीवर असताना तोंड बांधीन, कारण ती माझी नळी आहे. पण दारात बांधणार नाही, मुकादमाच्या हातानं बांधून घेणार नाही, आणि कुणाशीही बोलताना, तुमच्याशीसुद्धा, कापड काढून बोलीन.

अप्पा म्हणाले, "अक्का, मला हे कुणी सांगितलंच न्हाई."

"तुमी इचारलं न्हाई," माय म्हणाली.

अप्पांनी ते मान्य केलं. मुकादमाला दारातून हलवलं, आणि शेडला आणखी दोन खिडक्या पाडून घेतल्या. त्या खिडक्यांचं श्रेय मी बरीच वर्षं स्वतःकडे घेत आले. आता घेत नाही.

पुढचं इथंच सांगून टाकते. माय त्यानंतर बारा-तेरा वर्षं त्या मिलमध्ये होती. खोकला पुरता कधी गेला नाही. जे झिजलं होतं ते झिजलेलंच राहिलं. पण आवाज राहिला. महिन्याभरात ती पुन्हा वंदनेला उभी राहायला लागली. पूर्वी एका दमात म्हणायची त्या ओळी आता दोन-तीन ठिकाणी थांबून, श्वास घेऊन म्हणायची. लोकांना त्याची सवय झाली. वस्तीतल्या पोरी तिच्याकडूनच शिकल्या, त्यामुळे त्याही तिथंच थांबायला लागल्या. एकदा बिदरहून आलेल्या पाहुण्यानं विचारलं, इथं थांबायची काय रीत आहे का, तर एक पोरगी बेधडक म्हणाली, व्हय, असंच म्हणायचं असतं. मायला हसू आवरेना.

पण मला आठवते ती माय परत कामावर गेली त्या सकाळची गोष्ट. मी कॉलेजला उशीर करून तिच्याबरोबर गेले. मिलनं दिलेलं फडकं तिला नको होतं, पदरही नको. माझा प्रयोगशाळेतला पांढरा डगला जुना झाला होता. त्याचा पाठीचा भाग कापून तिनं रात्री चौकोन शिवला होता. शेडच्या आत, चाळणीपाशी आल्यावर तिनं तो काढला, पाण्यात बुडवून पिळला आणि माझ्या हातात दिला. बायका आपापली सुपं खाली ठेवून बघत होत्या.

ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. "तू बांध."

मी ते ओलं कापड पुढून तिच्या नाकातोंडावर घेतलं. माझ्या तळव्याला तिचा श्वास लागला, गरम, थोडा घरघरणारा. दोन्ही टोकं मानेमागं आणली. रोज केसाहून बारीक पापुद्रा न फाडता उचलणारे माझे हात, त्यांना साधी गाठ बसेना. मला ते खळं दिसत होतं, ती आठ वर्षांची पोर दिसत होती. कशीबशी एक सैल गाठ मारली आणि हात काढून घेतले.

मायनं मागं हात नेऊन गाठ चाचपली. मग ते कापड हनुवटीखाली ओढलं, मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ह्या गाठीनं काय धूळ अडायची? घट बांध. तू कामून भ्यायलीस?"

तिनं कापड पुन्हा नाकावर चढवलं आणि पाठ केली. मी घट्ट बांधलं.